बीए इंग्लिश, मास मीडिया की पत्रकारितेचा डिप्लोमा? फरक काय आणि इंग्रजी नेमकं किती लागतं?

बारावीचा निकाल लागतो आणि 'मला मीडियात जायचंय' असं घरात जाहीर होतं. मग सल्ले सुरू होतात. शेजारचे काका म्हणतात, "इंग्लिश घेऊन बीए कर, भाषा पक्की होईल." मामेबहीण म्हणते, "मास मीडियाला जा, तिथं कॅमेऱ्यापासून सगळं शिकवतात." तालुक्याच्या दैनिकाचा वार्ताहर सांगतो, "आधी कुठलीही पदवी घे, पत्रकारितेचा डिप्लोमा नंतर करता येतो."

तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. पण हे तीन वेगळे रस्ते आहेत. त्यांचा अभ्यास वेगळा, फी वेगळी आणि इंग्रजीचं कामही वेगळं. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनातला खरा प्रश्न मात्र चौथाच असतो, आणि तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही : आपलं इंग्रजी बेताचं आहे, तर आपल्याला हे जमेल का?

बीए इंग्लिश म्हणजे स्पोकन इंग्लिशचा क्लास नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. इंग्रजी विषय घेऊन बीए करणं म्हणजे इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणं. शेक्सपिअरचं नाटक, रोमँटिक कवी, कादंबरीचा इतिहास, भारतीय लेखकांचं इंग्रजी लेखन, समीक्षेचे सिद्धांत आणि थोडं भाषाविज्ञान असा हा ऐवज असतो. फाडफाड बोलायला शिकवणं हे त्याचं उद्दिष्टच नाही. मुंबई विद्यापीठात 'कम्युनिकेशन स्किल्स इन इंग्लिश' हा पेपर बीएच्या पहिल्या वर्षाला वर्षानुवर्षं होता, पण तो वेगळा पेपर होता. पत्रलेखन, सारांशलेखन, उताऱ्याचं आकलन असं त्याचं स्वरूप. साहित्याचा मुख्य विषय त्यापेक्षा पुष्कळ वेगळा.

त्यामुळे 'इंग्रजी सुधारेल' एवढ्याच आशेनं प्रवेश घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षाला कंटाळतात. गाइड पाठ करून पास होता येतं, आणि तसे पास होणारे कमी नाहीत. पण ज्याला वाचायची मुळात आवड आहे, त्याला तीन वर्षांत एक गोष्ट मिळते जी दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात सहसा मिळत नाही : अवघड मजकूर शांतपणे वाचायची आणि त्यातून अर्थ काढायची सवय. माध्यमांच्या कामात ती कुठं लागते, हे पुढे येईलच.

मास मीडियाला काय शिकवतात?

मुंबई विद्यापीठाचा 'बॅचलर ऑफ मास मीडिया', म्हणजे बीएमएम, या शतकाच्या सुरुवातीला आला. २०१९-२० पासून त्याचं नाव बदलून 'बीए इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन', म्हणजे बीएएमएमसी झालं. नाव बदललं तरी कॉलेजच्या कट्ट्यावर अजून बीएमएमच म्हणतात. (मराठीत 'कम्युनिकेशन'ला 'संज्ञापन' असा प्रतिशब्द आहे. पुण्यातल्या विद्यापीठ विभागाच्या नावात तो आहे. बोलताना तो वापरणारं माणूस मिळणं कठीण.)

बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते. मॅनेजमेंटच्या बीएमएससारखे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून राज्याच्या सीईटीखाली गेले, बीएएमएमसी गेला नाही. मुंबईत विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी करून मग कॉलेजच्या गुणवत्ता यादीची वाट पाहायची, अशीच सर्वसाधारण पद्धत आहे. काही स्वायत्त महाविद्यालयं स्वतःची परीक्षा किंवा मुलाखत घेतात.

२०१९ नंतरच्या आराखड्यात पहिल्या वर्षी जनसंज्ञापनाची ओळख, माध्यमांचा इतिहास, चालू घडामोडी, दृश्यभाषा, आशयलेखन, आणि जाहिरात व पत्रकारितेची तोंडओळख होती. दुसऱ्या वर्षी रेडिओ, छायाचित्रण, चित्रपट, जनसंपर्क असे विषय. तिसऱ्या वर्षी वाट फुटते : जाहिरात किंवा पत्रकारिता. हा फाटा महत्त्वाचा आहे, कारण पत्रकार व्हायला आलेली अनेक मुलं तिसऱ्या वर्षी जाहिरात निवडतात. जाहिरात संस्था, ब्रँड, सोशल मीडिया यांत नोकऱ्या जास्त दिसतात, हे त्याचं साधं कारण.

या अभ्यासक्रमाची ताकद आणि उणीव एकच आहे. सगळं थोडं थोडं शिकवलं जातं. ज्याला अजून ठरवायचंय त्याच्यासाठी ते चांगलं. पण अर्थशास्त्र, कायदा, शेती, आरोग्य यांपैकी एकाही विषयाची खोल माहिती त्यातून येत नाही, आणि बातमीदाराला बीट मिळतं तेव्हा तीच लागते.

पदवीनंतरचा रस्ता

तालुक्याच्या वार्ताहराचा सल्ला म्हणूनच अगदी टाकाऊ नाही. अर्थशास्त्र किंवा विज्ञानाची पदवी घेऊन नंतर एक-दोन वर्षं पत्रकारिता शिकणं हा महाराष्ट्रातला सगळ्यात जुना रस्ता आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी तो एक. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजेच पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग, १९६४ चा. 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' लिहिणारे अरुण साधू काही वर्षं या विभागाचे प्रमुख होते. त्यांनी बातमीदारी बरीचशी इंग्रजी वृत्तपत्रांत केली आणि कादंबऱ्या मराठीत लिहिल्या.

मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९ पासून आहे. केवळ मुलींसाठीचा सोफियाचा एक वर्षाचा माध्यम अभ्यासक्रमही जुना आणि नावाजलेला. टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम आणि संस्कृती अभ्यासात एमए करता येतं. तिथं माहितीपटावर विशेष भर असतो. दिल्लीत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचं, म्हणजे आयआयएमसीचं एक केंद्र अमरावतीत आहे आणि तिथं मराठी पत्रकारितेचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना हे केंद्र अनेकदा ठाऊकच नसतं. नोकरी करत शिकायचं असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही पर्याय तपासण्यासारखा आहे.

मग इंग्रजी किती लागतं?

उत्तर एका वाक्यात द्यायचं तर : बोलण्यापुरतं कमी, वाचण्यापुरतं पुष्कळ.

मराठी दैनिकाच्या किंवा वाहिनीच्या डेस्कवर नवा उपसंपादक रुजू झाला की पहिले काही महिने त्याच्या पुढ्यात येते ती इंग्रजी कॉपी. पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेची मूळ सेवा इंग्रजीत आहे. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांचं कामकाज राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार इंग्रजीत चालतं. त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मराठी वाचकापर्यंत पोहोचतो तो कुणीतरी इंग्रजीत वाचून मराठीत लिहिल्यावरच. कंपन्यांचे ताळेबंद, हवामान बदलाचे अहवाल, वैद्यकीय संशोधन यांचंही तेच. राज्य सरकारचे शासन निर्णय मराठीत असतात. अर्थात त्यांचं मराठी मराठीत आणणं हे वेगळं काम.

या कामात उच्चार कसे आहेत हे कुणी विचारत नाही. पण 'अक्विटेड' आणि 'डिस्चार्ज्ड' यांतला फरक कळावा लागतो. खटला चालून आरोपी सुटला तर त्याची 'निर्दोष मुक्तता' झाली. आरोप निश्चित होण्याआधीच न्यायालयानं त्याला प्रकरणातून वगळलं तर तो 'दोषमुक्त' झाला. दोन्हींना सरसकट 'सुटका' लिहिलं तर वाचकाची दिशाभूल होते, कारण जामिनावरही सुटकाच होते. 'कस्टडी' हा एक शब्द, पण पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांत आरोपीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत पोलीस त्याची चौकशी करत असतात, दुसरीत तो तुरुंगात असतो.

आकड्यांचं तर विचारूच नका. एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. घाईत एक शून्य गळलं की बातमी दहापटीनं खोटी होते, आणि बिलियनचा थेट 'कोटी' झाला तर शंभरपटीनं.

वाक्यरचनेचीही गोष्ट आहे. इंग्रजी बातमीचं पहिलं वाक्य लांबलचक असतं आणि 'असं पोलिसांनी सांगितलं' हे शेवटी येतं. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे तेच वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर वाचक शेवटापर्यंत लटकत राहतो. त्याचे दोन-तीन तुकडे करावे लागतात, आणि माहिती कुणी दिली हे आधी सांगावं लागतं. हे करायला इंग्रजी समजावं लागतं, पण त्याहून जास्त मराठी यावं लागतं. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याकडे यातला निम्मा भाग आधीच असतो, फक्त त्याला तो भांडवल वाटत नाही. उलट इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुलं मराठी डेस्कवर आली की ऱ्हस्व-दीर्घापासून अडखळतात.

जाहिरातीतही हेच दिसतं. राष्ट्रीय ब्रँडची जाहिरात आधी हिंदीत किंवा इंग्रजीत सुचते आणि मग मराठीत येते. एसटी स्टँडवरच्या होर्डिंगवर हिंदी वळणाचं विचित्र मराठी दिसलं की समजावं, दोन्ही भाषा नीट जाणणारं कुणी त्या साखळीत नव्हतं.

इंग्रजी वृत्तपत्रात, इंग्रजी वाहिनीवर किंवा कॉर्पोरेट जनसंपर्कात जायचं असेल, तर गणित बदलतं. तिथं लिहिण्या-बोलण्याचं इंग्रजी सफाईदारच लागतं, आणि ते केवळ वर्गात बसून येत नाही. रोज एक इंग्रजी दैनिक वाचणं आणि रोज अर्धं पान लिहून कुणाकडून तरी लाल शाईनं भरून घेणं याला पर्याय नाही.

वर्गातली भाषा ही मात्र खरी अडचण आहे. बीएएमएमसी बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. मुंबईत काही महाविद्यालयांनी हा अभ्यासक्रम मराठी माध्यमातूनही सुरू केला. तो यंदा चालू आहे का, हे थेट कॉलेजात विचारावं. जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये. पहिलं सत्र अनेकांना जड जातं. प्रेझेंटेशन द्यायला उभं राहिल्यावर शब्द सुचत नाहीत, मागच्या बाकावरून हसू येतं, आणि 'आपली चूक झाली' असं वाटून काही जण कॉलेज सोडतात. सोडण्याआधी एवढं बघावं, की अडचण समजण्यात आहे की बोलण्यात. समजत असेल आणि बोलता येत नसेल, तर तो वेळ देऊन सुटणारा प्रश्न आहे.

दोन भाषांची ही जोडी जुनीच

मराठी पत्रकारितेची सुरुवातच दोन भाषांत झाली. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. तेव्हा विशीत असलेले जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकही झाले. पुढच्या पिढीत टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८१ मध्ये मराठीतून 'केसरी' आणि इंग्रजीतून 'मराठा' सुरू केलं आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. शाळा, कॉलेज आणि दोन भाषांतली दोन वृत्तपत्रं, सगळं पाच वर्षांच्या आत आणि जवळपास त्याच माणसांचं.

नंतरच्या काळात इंग्रजी शिकलेल्यांनी आणि शिकवलेल्यांनीच मराठी साहित्याला वळण दिलं. बा. सी. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि नंतर आकाशवाणीत गेले. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे दोघेही इंग्रजी शिकवत. दिलीप चित्रे यांनी इथिओपियात जाऊन इंग्रजी शिकवलं आणि परतल्यावर जाहिरात क्षेत्रात काम केलं. इंग्रजी विषय घेतला म्हणजे मराठी सुटतं, या भीतीला या नावांपुढे फारसा आधार उरत नाही.

थिअरीचा उपयोग होतो का?

माध्यम अभ्यासक्रमातल्या सिद्धांतांवर विद्यार्थी सर्रास वैतागतात. त्यातले काही नुसते नोट्स भरायला असतात हे खरं. पण काही रोज उपयोगी पडतात. हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकी अभ्यासकानं १९४८ मध्ये मांडलेले पाच प्रश्न घ्या : कोण बोलतंय, काय बोलतंय, कुठल्या माध्यमातून, कुणाला, आणि त्याचा परिणाम काय? व्हॉट्सअॅपवर 'उद्यापासून शहरात पाणी बंद' असा मेसेज फिरतो, तेव्हा याच पाच प्रश्नांनी त्याची चिरफाड करता येते. बहुतेक अफवा पहिल्याच प्रश्नाला गारद होतात.

माध्यम कायद्याचा पेपर मात्र कधीच वरवर घेऊ नये. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव न देता गाव, नातेवाईक आणि शाळा दिली तरी ओळख उघड होते. नव्या बातमीदाराच्या हातून होणारी चूक नेमकी हीच, आणि तिची किंमत बातमीतल्या माणसाला आयुष्यभर मोजावी लागते. अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान आणि माहितीचा अधिकार हे विषयही याच पेपरात येतात.

इथं एक सावधगिरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा न्याय संहितेनं घेतली. १८६७ चा छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. सीनियरकडून मिळालेल्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून अब्रुनुकसानीचं कलम ४९९ लिहिलेलं असेल, तर त्या नोट्स बाजूला ठेवाव्यात. आता ते कलम ३५६ आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानं काय बदललं?

राज्यात हे धोरण २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आलं. आता एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषय, भाषाक्षमता, कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण अशी श्रेयांकांची विभागणी असते. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक किंवा दोन वर्षांनी प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे.

आपल्या विषयापुरतं सांगायचं, तर इंग्रजी मुख्य आणि पत्रकारिता दुय्यम, किंवा राज्यशास्त्र मुख्य आणि इंग्रजी दुय्यम, अशा जोड्या आता कागदावर शक्य आहेत. कागदावर असं म्हणायचं कारण, दुय्यम विषय तोच मिळतो ज्याचा शिक्षक त्या कॉलेजात असतो.

पदवीशिवाय पत्रकार होता येतं का?

होतं. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. पत्रकाराला अशी कुठलीच अट नाही. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी २०१३ मध्ये पत्रकारांसाठी किमान पात्रता असावी म्हणून समिती नेमली होती. त्यावर मोठा वाद झाला, पण तशी सक्ती काही आली नाही.

सरकारी नोकरीत मात्र पदवीला वजन आहे. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातल्या माहिती अधिकाऱ्यासारख्या पदांसाठी पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागितली जाते. भाषा संचालनालयात अनुवादकांची पदं असतात आणि तिथं इंग्रजी-मराठीची जोडी कामी येते. शिकवायचं असेल तर नेट-सेट आहेच; इंग्रजी आणि जनसंज्ञापन-पत्रकारिता हे तिथं दोन स्वतंत्र विषय आहेत, त्यामुळे एमए कशात करायचं हे आधीच ठरवलेलं बरं.

फीचा फरकही डोळ्यांत भरणारा आहे. अनुदानित कॉलेजातलं बीए इंग्लिश काही हजारांत होतं. बीएएमएमसी बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असल्यामुळे त्याची फी कित्येक पटींनी जास्त, आणि खासगी विद्यापीठात हिशेब लाखांत जातो. त्यावर कॅमेरा, लॅपटॉप, शहरातलं राहणं-खाणं. मराठी माध्यमांतला सुरुवातीचा पगार पाहता, या कोर्ससाठी शैक्षणिक कर्ज काढण्याआधी घरच्यांसोबत बसून कागदावर आकडेमोड करणं शहाणपणाचं. शिष्यवृत्तीसाठी तो अभ्यासक्रम त्या कॉलेजच्या नावासह महाडीबीटीच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी बघावं. नंतर कळून उपयोग नसतो.

कॉलेज निवडताना काय विचारावं?

चकचकीत स्टुडिओ सगळेच दाखवतात. तो आठवड्यातून किती तास विद्यार्थ्यांसाठी उघडा असतो, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारावं. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी बातमीच्या किंवा जाहिरातीच्या क्षेत्रात काम केलंय, इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की 'तुमची तुम्ही शोधा' असं सांगतं, आणि ती मिळाल्यावर हजेरीची सवलत मिळते का, हेही विचारावं. विद्यार्थी काढतात त्या प्रायोगिक अंकाचा ताजा अंक मागून घ्यावा. त्यात गावातल्या पाणीपुरवठ्याची, वसतिगृहाची, बसपासची बातमी आहे की नुसते संस्थाध्यक्षांच्या वाढदिवसाचे फोटो आहेत, ते पाहावं. आणि दाखवलेला अंक चार वर्षांपूर्वीचा निघाला, तर पुढच्या कॉलेजची बस पकडावी.